कपाटात, राखेत आणि दातात सापडलेल्या बायका (मध्ययुगीन ख्रिस्ती युरोप)

पिंपळपान

१९३४ ची गोष्ट. इंग्लंडात डर्बीशायरमधे बटलर-बाउडन नावाच्या कर्नलसाहेबांकडे पाहुणे पिंगपाँग खेळत होते. कुणाचा तरी पाय बॉलवर पडला, बॉल चेपला, दुसरा शोधायला कपाट उघडलं तर आतून जुन्या चामडी बांधणीच्या बाडांचा ढीग खाली आला. कर्नल वैतागले, म्हणाले उद्या हे सगळं शेकोटीत घालतो म्हणजे वेळेला बॅट-बॉल तरी सापडतील. नशीब की पाहुण्यांतल्या एकाने सांगितलं, अहो जाळायच्या आधी कुणा जाणकाराला दाखवा तरी. त्यातलं एक बाड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममधे गेलं, तिथे होप एमिली ॲलन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ते वाचलं आणि ओळखलं की हे मार्जरी केंपचं पुस्तक आहे. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं आत्मचरित्र म्हणतात ते हेच.

आता त्याआधी मार्जरी कुणाला माहीतच नव्हती असं नाही, आणि मला बोलायचंय ते यावरच. १५०१ च्या सुमारास विंकिन डी वर्ड या छापखानेवाल्याने तिच्या पुस्तकातले वेचे काढून काही पानांची पुस्तिका छापली होती. सगळं गोडगोड. येशू बोलतो, ही ऐकते. १५२१ मधे ती परत छापली तेव्हा बाईला चक्क 'एकांतवासिनी' करून टाकलं, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेणारी साध्वी. चारशे वर्षं लोकांपुढे होती ती ही मार्जरी. हरवली नव्हती, सोयीची करून ठेवली होती. मी या विषयावर जितकं वाचतेय तितकं हेच परत परत दिसतंय, म्हणून धागा काढला.

तर खरी मार्जरी. जन्म १३७३ च्या आसपास, नॉरफोकमधलं लिन हे बंदर, वडील जॉन ब्रनम पाच वेळा तिथले मेयर. म्हणजे बाई खानदानी आणि तिला त्याचा भयंकर तोरा, नवऱ्याला ऐकवायची की मी तुझ्याशी लग्न केलं हेच फार झालं. पहिलं बाळंतपण झालं आणि डोकं फिरलं, सहा-आठ महिने वेडाच्या भरात, स्वतःच्या हाताला इतकं कडकडून चावली की व्रण जन्मभर राहिला, बांधून ठेवावं लागलं. मग एक दिवस जांभळ्या रेशमी झग्यातला येशू पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि म्हणाला, मुली, मी तुला कधी सोडलं नाही, तू मला का सोडलंस? बाई भानावर आली. आणि भानावर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर नवऱ्याकडे कोठीच्या किल्ल्या मागितल्या! घरातले नोकर म्हणाले देऊ नका, नवऱ्याने दिल्या. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण साक्षात्काराच्या शेजारी लगेच किल्ल्या येतात असं लिहिणारा माणूस खोटं लिहित नसतो.

मग तिने धंदा काढला, बिअर गाळायचा. तीन-चार वर्षं गावात मोठं नाव होतं, मग फेस बसायला लागला, घाणीच्या घाणी वाया, नोकरमाणसं सोडून गेली. मग घोड्याची गिरणी टाकली, तर घोडा पुढे जाईना, उलटा चालायला लागला. गावात बोभाटा झाला की हिला शाप आहे. ती म्हणाली देवाने माझा गर्व उतरवला. एकूण १४ पोरं झाली आणि मग एक दिवस तिने नवऱ्याला सांगितलं की आता पुरे, यापुढे ब्रह्मचर्य.

ती बोलणी तर अफाट आहेत. जून महिना, उकाडा, यॉर्कहून दोघं पायी घरी चाललेत, तिच्या हातात बिअरची बाटली, त्याच्या अंगरख्यात केक. तो विचारतो, समज कुणी तलवार घेऊन आला आणि म्हणाला हिच्याजवळ जा नाहीतर मुंडकं उडवतो, तर तू काय करशील? ती म्हणते, खरं सांगू, तुमचं मुंडकं उडालेलं चालेल. तो बिचारा म्हणतो तू काही चांगली बायको नाहीस. पण शेवटी सौदा होतो: तिने जेरुसलेमला जाण्याआधी त्याची सगळी कर्जं फेडायची आणि शुक्रवारचा उपास सोडून त्याच्याबरोबर जेवायचं, बदल्यात तो हक्क सोडणार. मग रस्त्यातल्या क्रुसापाशी दोघं गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि केक खातात, बिअर पितात.

बाकी जेरुसलेम, रोम, सांतियागो सगळं फिरली, जाईल तिथे मोठ्याने भोकाड पसरून रडायची, सहप्रवासी इतके कावले की तिचा झगा गुडघ्यापर्यंत कापून टाकला आणि पोत्याचं कापड नेसवलं म्हणजे लोकांना वेडी वाटेल. हे सगळं तिनेच सांगितलंय. ज्याने कुणी वेचे काढले त्याने नेमकं हेच गाळलं.

अजून दोघीतिघींबद्दल लिहायचंय पण आधी तुमचं ऐकते.

माई_७०

पिंपळपान ताई, मस्त लिहिलंय. कोठीच्या किल्ल्या वाचून हसू आलं. आमच्या पिढीला विचारा किल्ल्यांची किंमत. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तिरकस

छान आहे पण माझा एक साधा प्रश्न. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं असं ऐकून आहे. मग 'आत्मचरित्र' कसलं? कुणा पाद्र्याने लिहिलेली चमत्कारकथा असू शकते की, नायिका सोयीची, पुरावा शून्य. आजकाल कुठलीही जुनी बाई सापडली की लगेच 'विस्मृतीत ढकललेली विदुषी'. (हलके घ्या.)

वसईची_लेक

तिरकस, तुम्ही दर धाग्यावर हलकेच देता, आम्हीच किती घ्यायचं.

मी वसईची, जन्माने कॅथलिक, रविवारची मिस्सा चुकवली तर आई अजून फोन करते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला बायका म्हणजे मारिया, मग ज्यांनी रक्त सांडलं त्या हुतात्मा मुली, आणि मग सिएनाची कॅथरीन. ती तरी काय शिकवली, तर उपास करायची आणि रोग्यांची सेवा करायची. तीच बाई पोपला पत्रं लिहून सांगत होती की आव्हिन्यों (आजच्या फ्रान्समधलं, पोप तेव्हा तिथे राहायचे) सोडा आणि रोमला परत या, मर्दासारखे वागा, आणि ११ वा ग्रेगरी १३७७ मधे खरंच परतला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ते पत्रातलं तोंड मात्र फादरनी कधी वाचून दाखवलं नाही. तेव्हा ताईंच्या 'सोयीची करून ठेवली'ला माझं +१.

चर्चने आजवर ज्यांना 'धर्मपंडित' हा किताब दिला त्यात बायका चारच. पहिल्या दोघींना, आविलाची तेरेसा आणि ही कॅथरीन, तो मिळाला १९७० मधे. तोवर एकही नाही.

राईनकाठी

चौथी आमची! म्हणजे बिंगेनची हिल्डेगार्ड, ऑक्टोबर २०१२. मी जर्मनीत राईनकाठच्या याच भागात राहतो, रुड्सहाइमहून बिंगेनला जाणारी फेरी बोट आमच्या नेहमीची. इथे हिल्डेगार्ड म्हणजे काय, तर औषधाच्या दुकानातला एक कप्पा. हिल्डेगार्डचा चहा, हिल्डेगार्डची बिस्किटं, डिंकेल नावाच्या जुन्या गव्हाचं पीठ. आजीबाईचा बटवा. आता तिने औषधी वनस्पतींवर लिहिलंय हे खरंच, हॉप्सबद्दल म्हणते की त्याने मन उदास होतं पण पेय टिकतं, पण या बटव्याच्या मागे जी बाई झाकली गेलीय ती काय चीज होती ते सांगतो, जरा लांबण लागेल.

जन्म १०९८, घरातलं दहावं मूल, १११२ मधे डिसिबोडेनबेर्गच्या मठात पाठवली, तिथे पुरुषांच्या मठाला चिकटून बायकांची कोंडलेली खोली, तीत युट्टा नावाची उमराव घराण्यातली बाई गुरू. ११३६ मधे युट्टा वारली, हिल्डेगार्ड प्रमुख झाली. चाळिशी उलटल्यावर, ११४१ मधे, दर्शनं लिहायला लागली, फोल्मार नावाचा भिक्षू लेखनिक. पहिलं पुस्तक पुरं व्हायला दहा वर्षं लागली. मधेच ट्रिअरला पोप ३ रा युजीनियस आला होता त्याने त्यातला भाग वाचला आणि होकार दिला. मग बाईंनी जाहीर केलं की देव म्हणतोय आम्ही बायकांनी राईनकाठी रुपर्ट्सबेर्गला स्वतंत्र मठ काढावा. मठाधिपती कूनो नाही म्हणाला, साहजिक आहे, बायका गेल्या की त्यांच्याबरोबर आलेल्या जमिनी आणि देणग्या पण जाणार. हिल्डेगार्डने अंथरूण धरलं. हात हलेना, पाय हलेना. कूनो स्वतः उचलायला गेला तर दगडासारखी जड. शेवटी त्याने परवानगी दिली आणि बाई उठून बसली :)

पण माझा आवडता किस्सा ११७८ चा. वय ८०. एका उमरावाला मठाच्या दफनभूमीत पुरलं, हा माणूस कधीतरी बहिष्कृत झाला होता पण मरण्याआधी समेट झाला होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला की प्रेत उकरून बाहेर फेका. हिल्डेगार्डने आपली काठी घेऊन थडग्यावर क्रूस काढला आणि मग जागा अशी सारखी करून टाकली की कुणाला कबर सापडूच नये. शिक्षा काय झाली? मठावर गाण्याची बंदी. दार लावून प्रार्थना नुसती पुटपुटायची. ज्या बाईने सत्तरच्या वर गाणी रचली तिला ही शिक्षा. तिने पत्र लिहिलं, ते वाचाच कुणीतरी, त्यात ती धर्माधिकाऱ्यांना सांगते की संगीत हे आदमच्या हरवलेल्या आवाजाची आठवण आहे आणि पृथ्वीवर जे देवाचं गाणं बंद पाडतात त्यांना वर देवदूतांच्या गाण्यात जागा मिळणार नाही. मार्च ११७९ मधे बंदी उठली. १७ सप्टेंबरला ती गेली.

अवांतर: तिचं एक गायचं नाटक आहे, त्यात सगळे सद्गुण गातात, फक्त सैतान गात नाही, ओरडतो. त्याला सूरच दिलेला नाही.

कुंपणावरचा

राईनकाठी, कडक. आता दुसरी बाजू पण सांगा की. याच हिल्डेगार्डच्या मठात फक्त उमराव घराण्यातल्या मुलींना प्रवेश होता. आंडरनाखच्या टेंक्सविंड नावाच्या मठप्रमुख बाईंनी तिला पत्र लिहून खोचक विचारलं होतं की येशूने तर कोळी निवडले, तुम्ही गरिबांना का घेत नाही, आणि सणाच्या दिवशी तुमच्या मुली केस सोडून डोक्यावर सोन्याचे मुकुट घालून गातात म्हणे? हिल्डेगार्डचं उत्तर असं की सगळी जनावरं एकाच गोठ्यात कोण बांधतं, गाढवं, मेंढ्या, शेरडं? वाचून मला आपल्याकडची सगळी ग्रंथसंपदा आठवली. सैतानाला सूर नाही आणि गरिबाला दार नाही.

टेंक्सविंडबद्दल कुणी धागा काढत नाही पण.

वसईची_लेक

हे माहीत नव्हतं, बाप रे. टेंक्सविंडला माझा दंडवत.

राईनकाठी

कुंपणावरचा, बरोबर आहे, ते उत्तर वाचताना मलाही लाज वाटते. पण दोन बायका बाराव्या शतकात धर्मशास्त्र काढून एकमेकींशी भांडतायत आणि दोघींची पत्रं टिकलीयत, हे मला पूजेतल्या फोटोपेक्षा जास्त आवडतं. टेंक्सविंडचं पत्र टिकलं ते हिल्डेगार्डच्या पत्रसंग्रहातच, हेही लक्षात घ्या.

पिंपळपान

व्वा, धागा चांगलाच पेटला. तिरकस, तुमच्या प्रश्नावर येतेच, सोडणार नाहीये. आधी राखेतली बाई.

मार्गरीत पोरेत. आजच्या उत्तर फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवरच्या भागातली, तिला बेगीन म्हणतात. बेगीन म्हणजे या भागातल्या अशा बायका ज्या लग्न पण करत नव्हत्या आणि नन पण होत नव्हत्या. कायमची व्रतं नाहीत, वाटलं तर सोडून जाता यायचं, कापड विणून, रोग्यांची शुश्रूषा करून स्वतःचं पोट भरायचं आणि एकत्र राहायचं. ना बापाच्या ताब्यात, ना नवऱ्याच्या, ना मठाच्या. चर्चला यांचं करायचं काय तेच कळत नव्हतं. (त्यांच्या वस्त्या आजही बेल्जियमच्या फ्लँडर्समधे आहेत, युनेस्कोने १९९८ मधे त्यातल्या १३ जागतिक वारशात घेतल्या. शेवटची बेगीन, मार्सेला पॅटिन, २०१३ मधे वारली, म्हणजे परवापरवा.)

मार्गरीतने फ्रेंचमधे पुस्तक लिहिलं, 'साध्या आत्म्यांचा आरसा'. लॅटिनमधे नाही, लोकांच्या भाषेत. त्यात प्रेम, बुद्धी आणि आत्मा अशा तीन बायका बोलतात, बुद्धी सारखे बावळट प्रश्न विचारते आणि शेवटी हे सहन न होऊन चक्क मरून पडते. आत्मा म्हणतो, देवाच्या प्रेमात जो पूर्ण विरला त्याला ना सद्गुणांची चाकरी उरली, ना उपासतापासाची. आपल्याकडे वारीत कुणी असं म्हणालं असतं तर लोकांनी पाया पडून टाळ वाजवले असते. तिथे कांब्रेच्या बिशपने व्हालेन्सिएनमधे तिच्यासमोर पुस्तक जाळलं आणि बजावलं की परत दाखवलंस तर बघ. तिने दाखवलं. दुसऱ्या बिशपला पाठवलं, तीन जाणत्या धर्मपंडितांकडून अभिप्राय मिळवले, त्यातला एक गॉडफ्री ऑफ फाँतेन, पॅरिसचं मोठं नाव. १३०८ मधे पकडून पॅरिसला नेलं. चौकशी अधिकारी कोण, तर गिओम, ज्याने त्याच सुमारास टेम्पलर या लढवय्या धर्मपंथाच्या सरदारांना पण चरकात घातलं होतं. तिने शपथ घ्यायला नकार दिला आणि दीड वर्ष एक अक्षर बोलली नाही. २१ धर्मपंडितांसमोर पुस्तकातले तुकडे ठेवले, त्यांनी पाखंड म्हटलं. १ जून १३१० ला पॅरिसच्या प्लास द ग्रेव्ह चौकात जिवंत जाळलं. तिच्या बाजूने न लिहिणाऱ्या बखरकारानेही नोंदवलंय की बघणारे लोक रडत होते.

आता पुढचं ऐका. पुस्तकाच्या प्रती जाळल्या, पण सगळ्या सापडल्या नाहीत. नाव गळालं आणि पुस्तक फिरत राहिलं. लॅटिनमधे गेलं, इटालियनमधे गेलं, इंग्रजीत गेलं. मठांमधे भिक्षू ते भक्तिभावाने वाचत होते. १९२७ मधे त्याचं इंग्रजी रूप छापलं तेव्हा चर्चची रीतसर मान्यता मिळाली! पाखंड म्हणून बाई जाळली आणि सहाशे वर्षांनी त्याच मजकुरावर शिक्का मारून दिला, कारण लेखक अनामिक. १९४६ मधे रोमाना ग्वार्निएरी या इटालियन अभ्यासक बाईंनी खटल्याची कागदपत्रं आणि पुस्तक शेजारी ठेवलं तेव्हा कुठे कळलं की हे तेच.

आणि ज्यासाठी हे सगळं टाइप करतेय ती गोष्ट: लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ॲमहर्स्ट हस्तलिखित म्हणून एक बाड आहे. पंधराव्या शतकातलं, १९१० च्या सुमारास ब्रिटिश म्यूझियमने घेतलं. त्यात नॉरिचच्या ज्युलियनचं पुस्तक आहे, मूळ छोटं रूप, जगातली एकमेव प्रत. ज्युलियन म्हणजे १३७३ च्या मे महिन्यात तीस वर्षांची असताना मरता मरता १६ दर्शनं झालेली आणि मग खरोखरच चर्चला लागून कोंडून घेतलेली बाई, इंग्रजीत पुस्तक लिहिलेली आपल्याला माहीत असलेली पहिली स्त्री. तिचं खरं नाव काय होतं? माहीत नाही, ज्युलियन हे त्या चर्चचं नाव. आणि त्याच बाडात, त्याच चामड्याच्या आत, मार्गरीतचा 'आरसा' आहे, इंग्रजीत, बिननावाचा. एकीचं नाव चर्चचं, दुसरीला नावच नाही. आणि मार्जरीचं पुस्तक जिथे सांभाळलं गेलं तो माउंट ग्रेसचा मठ कार्थुसियन लोकांचा, म्हणजे आयुष्यभर मौन पाळणारे एकांडे पुरुष. बायकांची ही बडबड त्यांनी जपली. गंमत आहे.

माई_७०

बुद्धी मरून पडते हे फार आवडलं. आमच्या जनाबाईंनी 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हटलं आणि ते टिकलं ते नामदेवांच्या गाथेत. तिथेही पुरुषाच्या बाडात बाईचं लेणं. पण जनीने 'नामयाची दासी' म्हणून आपली सही ठोकून ठेवली, ती कुणाला पुसता आली नाही. या मार्गरीतला पण तशी सोय हवी होती बाई.

अडगळ

माई, एक नंबर. मी धागा वाचत होतो पण राहवलं नाही. मी दातांचा डॉक्टर, त्यामुळे 'दातात सापडलेली' कोण हे कुणी विचारलं नाही याचं दुःख झालं. ताई, मी सांगू का?

पिंपळपान

सांगा की! शीर्षकात त्यासाठीच टाकलंय, मला त्यातलं तांत्रिक नीट जमलं नसतं.

अडगळ

ऐका तर. आपण घासत नाही तेव्हा दातांवर जे पिवळं कीटण बसतं, आम्ही जे खरवडून काढतो आणि तुम्ही दोन महिन्यांनी परत घेऊन येता, ते मुळात दगड असतो. लाळेतल्या क्षारांनी घट्ट झालेला. त्यात खाल्लेल्याचे कण, धूळ, जंतू सगळं गाडलं जातं आणि हाडं माती झाली तरी ते शिल्लक राहतं. जर्मनीत डालहाइमला बायकांचा छोटा मठ होता, चौदाव्या शतकात आगीत गेला, कागदपत्रं काही उरली नाहीत. तिथल्या दफनभूमीतल्या एका बाईच्या सांगाड्याचं कीटण संशोधकांनी तपासायला घेतलं, ते तर जुन्या आहाराचा अभ्यास करत होते, पिष्टमय कण बघायचे होते. कीटण विरघळवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळे ठिपके. एक-दोन नाही, शंभराच्या वर. तपासलं तर लाजवर्द निघाला, म्हणजे खऱ्या दगडाची पूड, जो त्या काळात फक्त अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा आणि सोन्याच्या भावाने विकला जायचा. इतका महाग रंग ज्याच्या त्याच्या हातात देत नसत, उत्तम ग्रंथ रंगवणाऱ्याच्याच हातात देत.

बाईचं वय ४५ ते ६० च्या दरम्यान, काळ साधारण इसवी सन ९९७ ते ११६२. हाडांवर कष्टाच्या खुणा नाहीत. रंग तोंडात गेला कसा? शक्यता तपासल्या त्यात सगळ्यात बसणारी ही: कुंचल्याचं टोक करायला ती तो ओठांत घेऊन ओलसर करायची. आमच्याकडे शिंपी दोरा ओवताना करतो तसं. हा अभ्यास २०१९ मधे प्रसिद्ध झाला. आता विचार करा, डालहाइमच्या मठात रंगवलेलं एकही पुस्तक आज नाही, बाईचं नाव नाही, फक्त निळे ठिपके. तोवर 'ग्रंथ रंगवले ते भिक्षूंनी' असं सरसकट छापलं जायचं, कारण सही नसलेलं हस्तलिखित दिसलं की ते पुरुषाच्या नावावर आपोआप जमा.

तात्पर्य असं काही नाही, पण दात कमी घासा असंही म्हणत नाहीये मी.

कुंपणावरचा

=)) हा प्रतिसाद ठेवून घेतोय. अडगळ डॉक्टर, निळा रंग निष्काळजीपणाने वाटताना नाकातोंडात गेला असेल असंही असू शकतं ना? म्हणजे ती चित्रकार नसून रंग कुटणारी मदतनीस?

अडगळ

ती शक्यता त्यांनीही घेतलीय, पूड करताना धूळ उडते. पण रंग तयार करणारीच असली तरी लाजवर्द पाखडून शुद्ध करायची कृती ही काही सोपी भानगड नाही, आणि मठात तो रंग होता म्हणजे तिथे ग्रंथ रंगवले जात होते, हे उरतंच.

तिरकस

बरं, दातांपर्यंत ठीक आहे, ते भौतिक पुरावा आहेत. माझा मूळ प्रश्न हवेतच आहे. मार्जरी.

पिंपळपान

घ्या, तिरकसभाऊ.

पुस्तकात स्वतःच सांगितलंय की ते दोघांनी लिहून घेतलं. पहिला लेखनिक जर्मन मुलखात राहून आलेला इंग्रज, त्याने लिहिलं आणि मेला. ते घेऊन ती एका धर्मगुरूकडे गेली, तर त्याला अक्षर लागेना, भाषा ना धड इंग्रजी ना धड जर्मन. त्याने चार वर्षं टाळाटाळ केली, त्यात लोकांनी त्याचे कान भरले की या रडक्या बाईच्या नादी लागू नको. शेवटी १४३६ मधे बसला लिहायला. चमत्कारकथा पाडणारा पाद्री स्वतःच्या चालढकलीचं इतकं वर्णन कशाला करेल?

पहिला लेखनिक तिचा मुलगाच असावा अशी शंका जुनी आहे, कारण तिचा मुलगा डान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला, व्यापारासाठी स्थायिक होता, जर्मन बायको केली होती, लिनला भेटायला आला आणि महिन्याभरात वारला. आणि २०१५ मधे सेबॅस्टियन सोबेत्स्की या अभ्यासकाने ग्दान्स्कच्या दप्तरातलं १४३१ सालचं पत्र प्रसिद्ध केलं, त्यात जॉन केंपचा, म्हणजे बहुधा याच मुलाचा, उल्लेख आहे, लिनच्या वारीचा पण. पुस्तकाबाहेरचा, सरकारी कागद. त्याखेरीज लिनच्या ट्रिनिटी गिल्डच्या (व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या) नोंदीत १४३८ मधे मार्जरी केंप हे नाव दाखल झालेलं आहे. तेव्हा बाई होती, मुलगा होता, गाव होतं.

आणि आता पाद्र्याने गाळलं असतं असं अजून एक. मुलगा वारल्यावर साठीची मार्जरी सुनेला पोचवायला समुद्रमार्गे डान्झिगला गेली. लिहिते की तिथे सगळे माझ्याशी प्रेमाने वागले, एक सोडून, आणि ती कोण, तर जिने सगळ्यात जास्त आधार द्यायला हवा होता ती सून. मंडळी, १४३३ सालची सासू आहे ही.

माई_७०

सुनेची बाजू पण ऐकायला हवी. रडत रडत आलेली सासू, वर येशूशी बोलते, आणि आमच्या घरी राहणार.

वसईची_लेक

माई =)) =))

पिंपळपान, यॉर्कचं राहिलं की! आर्चबिशप बोवेट समोर उभी केली, १४१७. तो म्हणतो मी ऐकलंय तू फार दुष्ट बाई आहेस. ही म्हणते, मीही ऐकलंय की आपण दुष्ट पुरुष आहात. आणि लक्षात घ्या की १४०१ पासून इंग्लंडात पाखंड्याला जाळायचा कायदा होता आणि त्या वर्षी जो पहिला जाळला तो विल्यम सॉट्री हिच्याच लिनच्या चर्चचा धर्मगुरू राहिलेला. म्हणजे उत्तर देताना तिला पुरतं ठाऊक होतं की काय होऊ शकतं.

पिंपळपान

हो, आणि सोडल्यावर वाटेत हेसल गावच्या बायका सूत कातायच्या काठ्या घेऊन घरातून धावत आल्या आणि ओरडल्या 'जाळा हिला'. पुरुषांनी वर सल्ला दिला, बाई हे सगळं सोड आणि चारचौघींसारखी सूत कात. ते पण तिने लिहून ठेवलंय, बायकांनीच म्हटलं म्हणून लपवलं नाही.

तिरकस

ग्दान्स्कचं पत्र ही माहिती कामाची. चमत्कारकथेचा मुद्दा मागे घेत नाही, येशू पलंगावर बसला याला सरकारी कागद नाही. पण बिअरचा फेस बसला हे मात्र मला पटलं. आमच्या काकांचा वाईनचा प्रयोग आठवला.

जर्मनीतली ती नाटककार नन आहे ना, दहाव्या शतकातली, रोस्विथा, तिच्यावर कुणी लिहिणार का? जर्मन विद्वान कॉनराड सेल्टिसला रेगेन्सबुर्गच्या मठात तिचं बाड मिळालं आणि १५०१ मधे छापलं, त्यात चित्रकार ड्यूररची चित्रं पण आहेत एवढंच मला माहीत आहे.

राईनकाठी

बघा, तिरकस स्वतःच पुढची बाई घेऊन आले. रोस्विथाच्या गांडर्सहाइमला जाऊन आलोय मी, लिहितो, पण नवीन धागा काढा, या पानाला स्क्रोल करून अंगठा दुखला.